'साठीनंतर हाडं जपून वापरा' या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात सकाळी सातलाच आत्याचा फोन आला. "काहून गं, ग्रुपवरचं वाचलंस का? यात तर सगळं उलटंच लिहिलंय. मग आपण वर्षभर काय करून राहिलो?"

तो मेसेज मी याआधीही पाहिला होता, तुम्हीही पाहिला असेल. 'साठी ओलांडलेल्यांनो, हाडं जपा' असं शीर्षक आहे. सल्ला एका नामवंत अस्थिरोगतज्ज्ञांचा म्हणे, नाव मात्र दिलेलं नाही. मजकूर थोडक्यात असा: साठीनंतर हाडं नव्याने बनत नाहीत, नुसती झिजतात, म्हणून उरली तेवढी जपून वापरा. दोन किलोच्या वर काही उचलू नका, मणका दबतो. जिना टाळा, गुडघ्यातलं वंगण संपतं. व्यायाम करायचाच तर सावकाश चाला, तेवढा पुरतो. रोज दूध आणि कॅल्शियमची गोळी घ्या, हाडं भरून येतात. पडायची भीती वाटत असेल तर बसून राहा. आणि हे दहा ज्येष्ठांना पाठवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपूरच्या प्रतापनगरात माझं छोटं क्लिनिक आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. येणाऱ्यांत निम्मी माणसं साठीपुढची असतात आणि यातलं एखादं वाक्य रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतं. पण आत्याच्या फोनने माझ्या पोटात कालवलं, कारण या मेसेजने तिचे पाच महिने आधीच एकदा खाल्ले आहेत.

आत्या एकाहत्तर वर्षांची. नागपूरच्याच महाल भागात जुन्या घरात राहते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मोरीत घसरली आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा मी शेजारी होते. तो हात तिचा वाटत नव्हता. कातडी कोरडी पडून सालपटं निघालेली, मनगट उजव्यापेक्षा बारीक. घरी येऊन तिने काढून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या पुन्हा भरल्या. पूर्वी हात वर केला तरी त्या मनगटाजवळच अडायच्या, आता सरळ कोपराकडे घसरत गेल्या. बारीक झालेला दिसत होता तो स्नायू. आतलं हाडही त्याच वाटेने गेलेलं असतं, ते फक्त डोळ्यांना दिसत नाही.

प्लास्टर काढणाऱ्याने जाता जाता सांगितलं, "आजी, आता जपा." त्याच आठवड्यात हा मेसेज आला. दोन्ही जुळलं. आत्याने बुधवार बाजारातून भाजी आणणं सोडलं, गच्चीवर जाणं सोडलं, गांधीसागर तलावाला संध्याकाळची फेरी मारायची तीही सोडली. पाच महिन्यांनी मी तिला खुर्चीतून उठायला सांगितलं, तर दोन्ही हात टेकल्याशिवाय तिला उठता येईना.

आता मेसेजमधलं एकेक वाक्य घेते.

"साठीनंतर हाडं नव्याने बनत नाहीत, नुसती झिजतात." सगळा मेसेज याच वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबते. आत्याचं मोडलेलं मनगट सहा आठवड्यांत जुळलं. हाड नव्याने बनतच नसतं तर ते कशाने जुळलं असतं? जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवं भरणाऱ्या पेशी आपल्या शरीरात जन्मभर कामावर असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो. वयाबरोबर बिघडतो तो या दोघींचा जमाखर्च. तिशीपर्यंत हाडाची पुंजी भरते, मग काही वर्षं तशीच राहते, आणि पुढे खरवडणं भरण्यापेक्षा थोडं जास्त होऊ लागतं. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं ही घट एकदम वाढते. मणक्यांमधलं हाड तेव्हा वर्षाला दोन-तीन टक्क्यांनीही कमी होऊ शकतं. घट खरी आहे, ती मी नाकारत नाही.

पण कुठे भरायचं आणि कुठून काढायचं हे ठरतं कशावरून? हाडाच्या आत, दगडात कोरल्यासारख्या बारीक पोकळ्यांमध्ये, तिसऱ्या प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात. एका माणसाच्या सांगाड्यात त्या सुमारे ४२ अब्ज असतात असा अंदाज आहे. केसाहून बारीक नळ्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. आपण पाय जोरात टेकवतो, वजन उचलतो, तेव्हा हाड किंचित वाकतं. किती किंचित, तर ४० सेंटिमीटरच्या नडगीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तेवढ्याने नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना कळतं की इथे भार येतोय, इथे बळकटी हवी. भार आला नाही तर याच पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत राहतात आणि ते हाड भरण्याच्या कामाला लगाम घालतं. हे प्रथिन अडवणारं इंजेक्शन आज ठिसूळ हाडांवरचं औषध म्हणून वापरलं जातं. भार पडला की तोच लगाम शरीर स्वतःहून सैल करतं.

यातला मूळ विचार नवा नाही. हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडत जातं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथ लिहून मांडलं. टेनिस खेळणाऱ्यांच्या दोन्ही दंडांची हाडं मोजली की रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड जाड आणि मजबूत निघतं. दोन्ही हातांचं रक्त तेच, जेवण तेच, वयही तेच. फरक भाराचा. उलट बाजूला अंतराळवीर आहेत. तिशी-चाळिशीतली, निवडून घेतलेली धडधाकट माणसं, पण वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. पाळी गेलेल्या बाईच्या खुब्याची जी घट वर्षात होते, जवळपास तेवढी एका महिन्यात. हाडं 'न वापरता जपून' ठेवण्याचा याहून शुद्ध प्रयोग पृथ्वीवर करता येणार नाही.

मेसेज लिहिणाऱ्याची एक गोष्ट मात्र अर्धी बरोबर आहे, ती मान्य करायलाच हवी. म्हातारं हाड तरुण हाडासारखा प्रतिसाद देत नाही. १९९२ साली टर्की पक्ष्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पंखातल्या हाडावर सारखाच भार दिला, तर एक वर्षाच्या पक्ष्यांच्या हाडात भर पडली, तीन वर्षांच्या पक्ष्यांच्या हाडात पडली नाही. माणसांतही तेच दिसलं. १९९८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात बायकांना रोज पन्नास उड्या मारायला लावल्या. पाळी चालू असलेल्यांचं खुब्याचं हाड पाच महिन्यांत वाढलं, पाळी गेलेल्यांचं वर्ष-दीड वर्ष उड्या मारूनही वाढलं नाही.

माझ्या आत्याला थोडं कमी ऐकू येतं. तिच्याशी बोलताना आम्ही दिवसभर पुटपुटत राहत नाही. जवळ जातो, स्पष्ट आणि जरा मोठ्याने बोलतो, तेही थोडंच. म्हाताऱ्या हाडाचं अगदी असंच आहे. त्याला भार ऐकू येतो, पण नेहमीचा, सवयीचा, हलका भार त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. आणि एकच गोष्ट सारखी सांगत राहिलं तर ते ऐकणं बंद करतं. १९८४ च्या एका प्रयोगात पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर दिवसातून ३६ वेळा भार दिला तेवढ्यावर पूर्ण परिणाम मिळाला. पुढे तोच भार शेकडो वेळा दिला, परिणाम वाढला नाही. भाराचा एक डोस झाला की हाडाला पुन्हा नीट ऐकू यायला काही तास लागतात. म्हणून सलग दोन तास घाम गाळण्यापेक्षा थोडा, ठळक, नेहमीपेक्षा वेगळा भार देऊन थांबणं हाडाला जास्त मानवतं.

यावरूनच "सावकाश चाला, तेवढा पुरतो" या वाक्याचंही उत्तर मिळतं. अंबाझरीला नाहीतर सेमिनरी हिल्सला पहाटे जी माणसं दिसतात त्यांचं मला कौतुक आहे. हृदयाला, साखरेला, मनाला चालण्याने फायदा होतो, कुणीही ते सोडू नये. पण गेली चाळीस वर्षं जो माणूस त्याच गतीने चालतोय त्याच्या हाडाला त्यात नवीन काही ऐकू येत नाही. नुसत्या चालण्याने मणक्यांची घनता वाढते असं अभ्यासांत दिसत नाही, खुब्याला झाला तर थोडा फायदा होतो. पोहणं आणि सायकल यांचंही तेच, कारण तिथे शरीराचं वजन पाणी नाहीतर सीट उचलते. आणि आपल्या नागपुरात तर मार्चच्या अखेरीपासून चालणंसुद्धा सुटतं. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, संपून पाऊस येईपर्यंत म्हातारी माणसं कूलरसमोरून हलत नाहीत, आणि पारा पंचेचाळीसवर असताना त्यांना बाहेर जा असं मी तरी सांगणार नाही. पण वर्षातले अडीच-तीन महिने हाडाशी कुणी बोलतच नाही, हा त्याचा अर्थ. घरात, कूलरसमोरच करता येईल असं काहीतरी हाताशी हवं ते यासाठी.

"दोन किलोच्या वर काही उचलू नका, मणका दबतो." या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण हेच सगळ्यात जास्त पाळलं जातं. क्लिनिकमध्ये बायका सांगतात, "मी आता पाण्याची बादलीपण उचलत नाही," आणि हे सांगताना त्यांना वाटतं मी शाबासकी देईन.

आधी साधा हिशोब करू. बर्लिनमध्ये संशोधकांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यातच मापक बसवून, तो रुग्णांमध्ये घालून, सांध्यावर खरोखर किती भार येतो ते मोजलं. साधं चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भरतो. म्हणजे साठ किलोची बाई स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत गेली तरी प्रत्येक पावलाला तिचा खुबा दीडशे किलो पेलतो. अडखळून तोल सावरताना तर हाच भार सातपटीच्या वर गेलेला नोंदला गेला आहे. अशा हाडाला दोन किलोची मर्यादा घालण्यात काय अर्थ? ज्या दिवशी ती अडखळेल त्या दिवशी चारशे किलोचा झटका यायचाच आहे. त्या दिवसासाठी हाड आणि स्नायू तयार आहेत का, एवढंच आपल्या हातात असतं.

आता प्रत्यक्ष पुरावा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लिफ्टमोर' अभ्यासात १०१ बायका होत्या. सगळ्यांची पाळी गेलेली, सरासरी वय ६५, आणि हाडांची घनता आधीच कमी झालेली. मेसेजवाल्याने ज्यांना बसवून ठेवलं असतं नेमक्या त्याच. निम्म्या बायकांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली: जमिनीवरून उचलणं, खांद्यावर घेऊन उठबस, डोक्यावर ढकलणं, आणि जोडीला उडी मारून पाय टेकवणं. वजन जड म्हणजे खरोखर जड, प्रत्येकीला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० ते ८५ टक्के. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. शेवटी वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती. मांडीच्या हाडाची मान, जी मोडली की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, ती पहिल्या गटात जवळपास जिथल्या तिथे राहिली आणि दुसऱ्यात १.९ टक्क्यांनी उतरली. इजा काय झाली? एका बाईच्या कमरेत लचक भरली, तेवढीच.

पुरुषांचंही सांगते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निरोगी पुरुषांनी वर्षभर फक्त एका पायावर रोज पन्नास लंगड्या घातल्या. लंगडी घालणाऱ्या पायाचं खुब्याजवळचं हाड त्याच माणसाच्या दुसऱ्या पायापेक्षा सरस निघालं.

दोन-तीन टक्के ऐकून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी इतका खटाटोप? पण वर्षाला टक्काभर उतरणारी गोष्ट तिथेच थांबली, तर दहा वर्षांनी त्या बाईच्या हाडात दहा टक्क्यांचा फरक पडलेला असेल. शिवाय स्नायू वाढला, पाठ सरळ झाली, ते वेगळंच.

मणक्याबद्दलची भीती मात्र पूर्ण खोटी नाही, आणि इथे मला सगळ्यांनी नीट ऐकायला हवंय. ठिसूळ मणका मोडतो तो बहुतेकदा पाठ गोल करून पुढे वाकल्याने. १९८४ चा एक जुना, छोटा अभ्यास आम्हाला शिकवला जातो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांच्या एका गटाला पुढे वाकण्याचे व्यायाम दिले आणि दुसऱ्या गटाला पाठ मागे ताणण्याचे. पुढे वाकणाऱ्या गटातल्या ८९ टक्के बायकांचे मणके आणखी दबले, पाठ ताणणाऱ्या गटात फक्त १६ टक्क्यांचे. म्हणून डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे अडीचच्या खाली असेल, उंची कमी झाली असेल, पोक येऊ लागलं असेल, तर पाय सरळ ठेवून बोटं पावलांना लावणं, पोटाच्या व्यायामासाठी पाठीवर झोपून कंबरेतून उठून बसणं, जमिनीवरची बादली कंबरेतून वाकून हिसका देऊन उचलणं, हे बंद. यात योगासनांतली पुढे वाकायची आसनंही आली. मणका दबला असेल तर उड्यासुद्धा नकोत. मणका दबल्याचं अनेकांना कळतही नाही, कंबर धरली असं समजून ते महिनोन्‌महिने काढतात. म्हणून जड वजनाला हात घालण्यापूर्वी तपासणी आणि शिकवणारं माणूस, दोन्ही हवीत. लिफ्टमोरच्या बायकांनीसुद्धा पहिला महिना हलक्या वजनावर नुसती पद्धत शिकण्यात घालवला होता.

आत्याचं आम्ही काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातला स्टूल ओढला आणि त्यावर तुरीच्या डाळीची चार किलोची थैली ठेवली, म्हणजे तिला जमिनीपर्यंत वाकावं लागू नये. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, कुल्ले मागे, जणू मागच्या खुर्चीत बसायचंय, पाठ पाटासारखी सरळ, थैली पोटाजवळ, आणि मग पायांनी जमीन दाबत उभं राहायचं. ती घाबरलेली होती. "हे काय करून राहिलीस गं माझ्याकडून? मोडशील मला." पाच वेळा उचललं, थांबलो, पुन्हा पाच वेळा. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि धप्पकन टेकवायच्या, आणि खुर्चीतून हात न लावता उठायचं. आठवड्यातून दोनच दिवस. दर पंधरा दिवसांनी थैलीत थोडी भर. सहाव्या महिन्यात डाळीच्या थैलीच्या जागी गव्हाची दहा किलोची आली. आज चौदा महिने झाले, ती पंधरा किलो उचलते आणि उचलताना माझ्याकडे बघत नाही, समोरच्या भिंतीकडे बघते, मी शिकवलंय तशी. डॉक्टरांनी तिला हाडांचं औषधही दिलं आहे आणि ते ती न चुकता घेते. त्यामुळे यंदाच्या डेक्सात कमरेचा आकडा किंचित सुधारला आणि खुब्याचा टिकला, त्यातलं किती औषधाचं आणि किती थैलीचं ते मी सांगू शकत नाही. पण औषधाने कुणाला खुर्चीतून उठता येत नाही. ते थैलीचं आहे.

"जिना टाळा, गुडघ्यातलं वंगण संपतं." इथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. 'हाडं झिजली' हे आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतो. एकात हाड आतून पोकळ, ठिसूळ होतं. ते दुखत नाही, मोडेपर्यंत कळत नाही. दुसऱ्यात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, खराब होतं. ते दुखतं. माझ्याकडे गुडघा धरून येणाऱ्या दहापैकी आठ जण कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतात, कारण कुणीतरी 'झीज' म्हटलेलं असतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार आला की ती स्पंजासारखी दबते, भार गेला की फुगते, आणि त्या उघडमिटीतच सांध्यातलं पोषण आत शिरतं. ते पाणी हलण्यानेच फिरतं, वापरून संपणारं ते ऑइल नव्हे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची संधिवाताची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली आणि न पळणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्क्यांत. यावरून उद्यापासून पळा असं मी म्हणत नाही, आणि गुडघा सुजलेला असताना मेट्रो स्टेशनचे जिने चढा असंही नाही. पण मांडीचा स्नायू बळकट करणं हा दुखऱ्या गुडघ्यावरचा पहिला उपाय आहे, शेवटचा नाही. कठडा धरून, एकेक पायरी, सुरुवातीला वर चढताना चांगला पाय आधी, दुखरा मागून. मग वाढवत न्यायचं.

दूध आणि गोळीचं लवकर आटपते. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आपल्या आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०२० ची शिफारस सांगते. दोन मोठे पेले दुधात साधारण सहाशे मिळतं, उरलेलं दही, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांतून जमवता येतं, नाही जमलं तर गोळी. ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. इतकं ऊन असलेल्या गावातही ते कमी निघतं, कारण उन्हापासून आपण स्वतःला दुपट्ट्यात गुंडाळून घेतो, आणि ते साहजिकही आहे. पण नुसत्या कॅल्शियमने घनता वाढली तरी एक-दोन टक्क्यांत थांबते. भाजी आणून ओट्यावर ठेवली म्हणून स्वयंपाक होत नाही, कुणीतरी तो करायला सांगावा लागतो. हाडाला ते भार सांगतो.

राहिलं शेवटचं, आणि मला सगळ्यात क्रूर वाटणारं: "पडायची भीती असेल तर बसून राहा." खुब्याची दहापैकी नऊहून जास्त फ्रॅक्चर पडल्याने होतात, हे खरंच आहे. पण बसून राहिलेला माणूस पडायचा राहत नाही. त्याला रात्री उठून संडासला जावंच लागतं, आणि तो जातो तेव्हा त्याच्या मांडीत बळ नसतं, पायाला तोल सावरायची सवय नसते. १०८ चाचण्या, तेवीस हजारांहून जास्त माणसं, असा मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. सगळ्यात उपयोगी ठरले ते तोलाचे आणि उठबशीचे व्यायाम. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून, सरळ रेषेत भिंतीलगत चालणं. आणि घरातलं बघा: मोरीतलं शेवाळ, पाय अडकणारं पायपुसणं, जिन्यावरचा बंद पडलेला दिवा. आत्याच्या मोरीत आम्ही खरखरीत फरशी बसवली आणि धरायला लोखंडी दांडा लावला. प्लास्टरच्या खर्चापेक्षा स्वस्तात झालं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आणि खाली एक काम दिलं. हात न टेकता तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. हात छातीवर, खुर्ची भिंतीला लावलेली, शेजारी कुणीतरी उभं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. सुरुवातीला आत्याला हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नव्हतं. परवा संध्याकाळी तिने सगळ्यांच्या आधी आपला आकडा लिहिला: ११.

रात्री कामठीच्या मावशीचं उत्तर आलं. तिने ६ लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं, "थैली किती किलोची घेऊ?" तिला म्हटलं, अजून कुठलीच नको. रविवारी मी येते, आधी तुझा डेक्साचा रिपोर्ट बघू, मग स्टूल शोधू.